शांत वस्ती दाखवा

वैशालीताई रिकाम्या बेडरूममध्ये जमिनीवर डोळे मिटून बसल्या होत्या. बंगल्याचे मालक नाना दारात उभे राहून मला खुणेनं विचारत होते, बाईंना चक्कर आली का? मी हातानंच त्यांना थांबा म्हटलं. घर बघायला आलेलं गिऱ्हाईक नळ सोडून बघतं, भिंतीवर टिचक्या मारतं, मोबाईलमध्ये होकायंत्र काढून दिशा तपासतं. एकानं तर देवघरात उभं राहून मोठ्यानं आरती म्हणून पाहिली होती. पण घर नुसतं ऐकत बसणारं गिऱ्हाईक मी पहिल्यांदाच बघत होते.

मी नगरमध्ये घरांची एजंट आहे. पाट्यांवर आता अहिल्यानगर असतं, पण फोनवर सगळे नगरच म्हणतात, मीही तेच म्हणते. शेळके साहेबांच्या ऑफिसात काम करते. ओळखी त्यांच्या, चपला झिजतात माझ्या. आमच्याकडं बदलीवाले जास्त येतात. सुप्याच्या एमआयडीसीत नवे प्लँट आले, तसे बाहेरगावचे इंजिनिअर, मॅनेजर यायला लागले. ह्यांना घर कुणीही दाखवेल. वस्ती कुठली निवडायची हे सांगणं हे आमचं खरं काम. खोली पसंत पडली नाही तर भिंत पाडता येते, शेजार पाडता येत नाही.

ह्या कामाची एक ठरलेली वाट आहे. बाहेरून साहेब माणूस आला की त्याला सावेडीच्या बाजूला न्यायचं. शहराचं ते उत्तरेचं अंग. रुंद रस्ते, शाळा, दवाखाने, बंगले. पार मनमाड रोडला लागून नव्या कॉलन्या झाल्यात, त्याही चालतात. केडगाव दक्षिणेला, पुणे रोडवर. सुप्याला जाणाऱ्याला खरं तर ते जवळ पडतं. पण तिकडं मार्केट, कांद्याच्या गाड्या, रेल्वेची लाइन. "साहेब लोकांना केडगाव दाखवायचं नाही," हा शेळके साहेबांचा नियम. का, असं मी कधी विचारलं नव्हतं.

वैशालीताई आणि त्यांचे मिस्टर वानखडे अमरावतीचे. वानखडे सुप्याच्या एका कंपनीत क्वालिटी मॅनेजर म्हणून आले. कंपनीनं तात्पुरता फ्लॅट दिला तो भर रस्त्यावर, शेजारी मंगल कार्यालय. त्यांची एकुलती एक मुलगी ओवी, चौथीत जाण्याच्या वयाची. तिला अचानक झालेला मोठा आवाज सहन होत नाही. तिचा जन्मापासूनचा स्वभावच तसा, डॉक्टरांनी त्याला एक लांबलचक नाव दिलेलं आहे. लग्नसराई सुरू झाली. वरातीचे फटाके वाजायचे आणि ओवी कपाटात जाऊन बसायची. मग ती जेवेना. मग भिंतीवर डोकं आपटायला लागली. शाळा सुटली ती सुटलीच.

पहिल्याच भेटीत वैशालीताईंनी मला स्पष्ट सांगितलं होतं. "मॅडम, मला किचन लहान चालते. गार्डन नको, पार्किंग नको. फक्त शांत वस्ती दाखवा. इथं नाही जमलं तर मी ओवीला घेऊन परतवाड्याला आईकडं चालली जाणार. हे राहतील इकडं एकटे."

वानखडे खाली बघत म्हणाले, "अमरावतीचा फ्लॅट विकून आलो मॅडम. जे घ्यायचं ते एकदाच. अन् तिघांसाठी घ्यायचं आहे."

नवरा-बायको परक्या माणसासमोर, म्हणजे माझ्यासमोर, असं बोलले की मला अवघडल्यासारखं होतं. पण मला ती बाई आवडली. काय हवं ते एका वाक्यात सांगणारं गिऱ्हाईक वर्षातून एखादं मिळतं.

नानांचा बंगला मनमाड रोडच्या अंगाला, शहराच्या टोकाला होता. नाना साखर कारखान्यातून रिटायर झालेले, आता मुलाकडं चालले होते. कॉलनीच्या मागं ज्वारीची रानं. मंगल कार्यालय नाही, पीठगिरणी नाही, देवळाचा भोंगा नाही. वानखड्यांना रविवारची सुट्टी, म्हणून रविवारी गेलो. ओवीला त्यांनी आणलं नव्हतं. पोरीला घरोघर फिरवायचं नाही, आधी आपण पक्कं करायचं, ही वैशालीताईंची पद्धत.

बराच वेळ त्या तशाच बसून राहिल्या. मग उठल्या आणि नानांना विचारलं, "काका, इथं आवाज कसला होते का? अचानक?"

"आवाज?" नाना हसले. "ताई, रातच्याला पान पडलं तरी ऐकू येतंय. लई शांत हाय. म्हनून तर हितं बांधलं."

तेवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. शेजारी गेल्या, समोर गेल्या, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात गेल्या. सगळीकडं तोच प्रश्न आणि सगळीकडं तेच उत्तर. लई शांत. एकदम शांत. किराणावाला म्हणाला, इतकं शांत की धंदा होत न्हाई. मलाही विचारलं. मी म्हटलं, ह्या भागात याहून शांत जागा मला माहीत नाही. ते मी मनापासून सांगितलं. मी स्वतः तिथून फार लांब राहत नाही.

व्यवहार ठरला. आमच्याकडं व्यवहार ठरला की विकणाऱ्याला थोडी रक्कम आगाऊ देऊन कागद करतात, त्याला इसार म्हणतात. एकदा इसार दिला की मागं फिरणं अवघड. नानांना मंगळवार चांगला वाटला. वानखड्यांनी सकाळची रजा टाकली. त्या दिवशी ओवीला पहिल्यांदाच घर दाखवायला आणलं. बारीक अंगाची, दोन वेण्या, हातात एक निळा रुमाल. तिनं प्रत्येक खोलीत जाऊन भिंतीला हात लावला आणि आईला म्हणाली, "ही माझी." वैशालीताईंच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

आम्ही हॉलमध्ये बसलो. नाना मला सांगत होते, वरच्या टाकीचा व्हॉल्व्ह कुठं आहे. वानखडे पेन काढत होते. आणि नानांचं वाक्य चालू असतानाच धडाड् झालं. खिडक्यांच्या काचा थरथरल्या. लगेच दुसऱ्यांदा झालं.

"...तर तो व्हॉल्व्ह पावसाळ्यात तेवढा तेल लावून ठेवायचा," नाना म्हणाले. मी मान डोलावली.

मग ओवीची किंकाळी ऐकू आली. ती टेबलाखाली शिरली होती, दोन्ही कानांवर हात, रुमाल तोंडात. वैशालीताई गुडघ्यावर बसून तिला कवटाळत होत्या. वानखडे पांढरे पडले होते.

"काय झालं पोरीला?" नानांनी विचारलं. खरोखर विचारलं. त्यांना कळलं नव्हतं.

"आवाज," वानखडे कसंबसं म्हणाले. "एवढा मोठा आवाज झाला ना."

"कुठला आवाज?"

नानांनी माझ्याकडं पाहिलं. मी नानांकडं पाहिलं. मलाही आठवून बघावं लागलं. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला.

"आवो, ते व्हय?" नाना म्हणाले. "ते फायरिंग हाय. मिलिट्रीची रेंज हाय ना तिकडं. रनगाडे घेऊन पोरं शिकत्यात. त्याला काय आवाज म्हनायचा!"

तिसरा गोळा पडला तेव्हा वैशालीताई मुलीला उचलून गाडीत जाऊन बसल्या होत्या. मी काचेपाशी गेले. ओवीचं डोकं त्यांनी पदराखाली घेतलं होतं.

"मॅडम, मी इतक्या लोकांना विचारलं," त्या म्हणाल्या. "एकानंही नाही सांगितलं. काहून नाही सांगितलं?"

मी परत घरात गेले. आत नाना घाम पुसत मला म्हणत होते, "मी खोटं न्हाई बोललो. गळ्याशपथ. तुमी तरी सांगा त्यांना." ते खोटं बोलले नव्हतेच. कॉलनीत कुणीच खोटं बोललं नव्हतं. रेंजवर सराव असतो तो कामाच्या दिवशी, रविवारी नाही. आणि नगरच्या उत्तरेला राहणारा माणूस त्या आवाजात लहानाचा मोठा होतो. पाहुणे दचकले तर आम्ही हसतो आणि चहा पुढं करतो. आमच्या हिशेबी तो आवाज नाहीच, हवा आहे.

ऑफिसात शेळके साहेब तयारच होते.

"संगीताताई, ते फायरिंगचं बोलायची काय गरज होती?"

"मी नाही बोलले. तोफ बोलली."

"अर्धं नगर तिकडं राहतं. त्यांची पोरं डॉक्टर झाली, इंजिनिअर झाली. पोरीला होईल सवय."

"तिला सवय होत नाही साहेब. तेच तर तिचं दुखणं आहे."

"मग सोडा. अशी गिऱ्हाइकं वर्षभर फिरवतात आणि शेवटी भाड्यानं राहतात. दुसरी पार्टी आहे, तिला तोच बंगला दाखवा."

दुसऱ्या पार्टीला मी बंगला दाखवला आणि तो विकलाही गेला. नानांचं काम झालं. पण वैशालीताईंचा तो प्रश्न मला चावत होता. धंद्याचा अभिमान म्हणा. शहर दाखवते म्हणून पैसे घेते आणि शहरात काय वाजतं तेच मला माहीत नाही. रात्री मिस्टरांना विचारलं, आपल्याकडं फायरिंग ऐकू येतं का? ते म्हणाले, "पूर्वी यायचं. आता बंद झालं बहुतेक." त्या दिवशी दुपारभर आमच्या कपाटातली भांडी वाजत होती.

मी वानखड्यांना फोन करून पंधरवडा मागून घेतला. वैशालीताईंनी परतवाड्याची तिकिटं काढायला घेतली होती, तेवढी त्यांनी थांबवली. माझ्यावर विश्वास होता म्हणून नाही. वानखडे रडले म्हणून. हे वैशालीताईंनीच मला नंतर सांगितलं.

मग मी गल्लोगल्ली हिंडायला लागले. कामाच्या दिवशी, भर दुपारी. दार वाजवायचं, पाणी मागायचं, विचारायचं. आवाज येतात का इथं? सगळीकडं तेच. न्हाई हो. लई शांत. मी म्हणायचे, फायरिंग? मग म्हणायचे, हां, ते येतं कधीमधी. कधीमधी म्हणजे? ते कुणालाच सांगता येत नव्हतं. लोक मुद्दाम लपवत असते तर मी त्यांना बोलतं केलं असतं, ते मला जमतं. पण जे ऐकूच येत नाही ते माणूस सांगणार कुठून?

गुलमोहर रोडच्या आतल्या एका कॉलनीत एक आजीबाई मला असंच शांततेचं कौतुक सांगत होत्या. चहा घेऊन त्यांची नातसून आली. हिरवा चुडा अजून हातात. ती साताऱ्याकडची.

"आवाज येतो की," ती म्हणाली. "पहिल्या दिवशी मला वाटलं सिलिंडरच फुटला. मी ओट्याखाली बसले. सोमवारी लय होतो. गुरुवारी पण."

आजीबाई हसून म्हणाल्या, "नवीन हाय अजून. व्हईल सवय."

मला तिथंच त्या पोरीच्या पाया पडावंसं वाटलं. शहर ऐकणारं माणूस सापडलं होतं. नवी सून. बाहेरगावाहून आलेली, दिवसभर घरात, आणि कान अजून माहेरचे.

त्यानंतर मी कुठल्याही वस्तीत गेले की एकच विचारायचे, ह्या गल्लीत नवीन सून कुणाची? दोन ठिकाणी लोकांना वाटलं मी लग्नं जुळवते. एका सासूनं मला उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. पण सुना बोलल्या. भरभरून बोलल्या. त्यांना असं काही कुणी विचारतच नाही. कुठं रात्री ट्रकचे हवेचे ब्रेक सुटतात, कुठं पहाटे दूधडेअरीचे कॅन आदळतात, कुठं शेजारचा माणूस रागावला की पत्र्याचं दार आपटतो. आणि फायरिंग कुठपर्यंत पोचतं तेही त्यांच्याकडूनच समजलं. उत्तरेकडून दक्षिणेकडं येत गेले तसतसं सुनांचं बोलणं बदलत गेलं. आधी काचा वाजायच्या. मग नुसता दणका. मग लांबचा गडगडाट. केडगावला पोचले तेव्हा फायरिंग संपलं होतं.

केडगावची सून आष्टीकडची होती. धुणं वाळत घालत होती.

"फायरिंग? न्हाई बा, ते काय असतंय? पर रेल्वे हाय ना मावशी. ती काय नारळाच्या मागं लाइन. पयला महिना मला झोपच न्हाई आली."

तिच्या शेजारचं बैठं घर आमच्याकडं विकायला आलेलं होतं. पुढं अंगण, मागं नारळ, त्यापलीकडं रूळ. कितीतरी दिवस ते पडून होतं. गिऱ्हाईक यायचं, गाडी जायची, गिऱ्हाईकही जायचं. मी तशीच परत फिरले. आवाजाला घाबरणाऱ्या पोरीला रेल्वेच्या कडेला कुठल्या तोंडानं न्यायचं?

वैशालीताईंना फोनवर सगळं सांगितलं, केडगावचंही सांगितलं, पण रद्द झाल्यासारखं सांगितलं. त्यांनी विचारलं, "गाडी एकदम येते, की आधी ऐकू येते?"

"लांबून हॉर्न देत येते. वळण आहे ना तिथं."

"मग बघायचं आहे."

"ताई, आवाज मोठा आहे."

"मोठ्याचं काही नाही. ओवी मिक्सरजवळ तासभर उभी राहते. बघू तर द्या."

शेळके साहेबांना मी सांगितलंच नाही. कामाच्या दिवशी गेलो, चौघंही. ह्या वेळी ओवीला आधीच आणलं होतं. तिनं भिंतींना हात लावले, पण "माझी" म्हणाली नाही. आम्ही मागच्या ओट्यावर बसलो. वानखडे घड्याळ बघत होते आणि बघत नसल्यासारखं करत होते. मला वाटत होतं, काय हे मी करून बसले. दुसऱ्यांदा त्या पोरीची किंकाळी ऐकायची माझी तयारी नव्हती.

लांब हॉर्न वाजला.

ओवीचे हात कानांवर गेले. वैशालीताईंनी तिला धरलं नाही. त्या नुसत्या तिच्याकडं बघत राहिल्या. दुसरा हॉर्न जवळ वाजला. मग रुळांचा खडखडाट, आधी बारीक, मग वाढत वाढत ओट्यापर्यंत आला. मालगाडी होती, संपता संपेना. ओवीचे ओठ हलत होते. ती डबे मोजत होती. शेवटचा डबा गेला, आवाज कमी होत होत गेला, तसे तिचे हात खाली आले.

"आणखी येते?" तिनं विचारलं.

वानखडे उठून अंगणात गेले आणि आमच्याकडं पाठ करून उभे राहिले. वैशालीताई मला म्हणाल्या, "हा आवाज सांगून येते मॅडम. येतो म्हणते, मग येते, अन् चालला जाते. तिला तेवढंच पाहिजे असते."

इसार त्याच आठवड्यात झाला. शेळके साहेबांना कळलं तेव्हा ते खुर्चीतच मागं रेलले. "साहेब माणसानं लाइनीच्या कडेचं घर घेतलं? त्यांना काय, डिस्काउंट दिलं का?" काही दिलं नव्हतं. वानखड्यांनी मागितलंही नाही. एवढ्या दिवसांत त्या घराचा भाव न पाडता घेणारे ते पहिलेच.

केडगावलाही वराती निघतात, दिवाळीला फटाके फुटतात. ते दिवस वैशालीताई ओवीला घेऊन मागच्या खोलीत काढतात. पण ते दिवस मोजके. एरवी पोरगी जेवते, झोपते. जूनमध्ये शाळेत जायला लागली. परतवाड्याची आजीच आता इकडं येऊन राहते.

मी मात्र कामाची पद्धत बदलली. घर दाखवायचं ते कामाच्या दिवशी, सुट्टीला नाही. गिऱ्हाईक कुरकुर करतं, रजा पडते म्हणतं. पडू द्या. आणि नव्या वस्तीत जाताना आधी तिथली सून गाठते. लग्नाला वर्ष व्हायच्या आत गाठावी लागते, नंतर तिलाही काही ऐकू येत नाही.

गेल्या महिन्यात सकाळी ऑफिसला निघताना वैशालीताईंचा फोन आला. आवाज घाबरा होता.

"मॅडम, आज सकाळची गाडी आलीच नाही. ओवी दप्तर घेऊन गेटमध्ये उभी आहे, गाडी गेल्याशिवाय शाळेत जातच नाही म्हणते. स्टेशनात तुमच्या ओळखीचं कुणी आहे का?"

आवाजाच्या तक्रारी ऐकत माझी उमर गेली. आवाज झाला नाही, अशी तक्रार पहिल्यांदाच आली. मी पायातली चप्पल काढून परत आत गेले आणि स्टेशनात फोन लावला. कुठंतरी रुळाचं काम चाललं होतं, गाडी लेट होती, पण निघाली होती. तसं मी कळवलं. घरात शिरलेलं गिऱ्हाईक एजंटाचा नंबर ठेवत नाही, असं शेळके साहेब नेहमी सांगतात. ते चूक आहे. गिऱ्हाईक नंबर ठेवतं, आणि रेल्वे लेट झाली तरी आपल्यालाच विचारतं.